बेळगाव सोडून समुद्राकाठी राहायचंय: पणजी, वास्को की कारवार?

लग्न नवीन, दोघांचा पगार मिळून बेताचाच, आणि दोघांनाही समुद्राजवळ पण चांगल्या गजबजलेल्या शहरात राहायचंय, अशा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या जोडप्यांसाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, मी वास्को म्हणतो. ऐकून बरेचजण नाक मुरडतात, कारण गोवा म्हटलं की कळंगुट नाहीतर पणजी, आणि वास्को म्हणजे बंदर आणि कोळसा एवढंच आपल्याला माहीत असतंय. पण दोन दिवस फिरायला जाणं वेगळं आणि संसार थाटणं वेगळं. संसाराला बाजार पायी अंतरावर लागतोय, बस लागते, दवाखाना लागतोय आणि सुट्टीला आई-बाबांकडे यायला सरळ गाडी लागते. खिडकीतून समुद्र दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडला की तिन्ही शहरांत भाडं बरंच खाली येतंय.

पणजी सुंदर आहे यात वाद नाही. मांडवीच्या काठानं कांपालपर्यंत चालत जायचं, कला अकादमी, पुढं मिरामार, नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (२००४ पासून तिथंच भरतोय), संध्याकाळी करायला काही नाही असं होतच नाही. पण मळा आणि फोंतेन्यास या जुन्या भागात राहायचं स्वप्न बघत असाल तर जरा थांबा, तिथली कितीतरी घरं आता होमस्टे झालीत, फोटो काढणाऱ्यांची दारात गर्दी असते आणि गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागतंय. भाड्यानं राहायला सांतिनेज नाहीतर ताळगाव बघा, ताळगावात फ्लॅट भरपूर आहेत आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज, युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे दोघांपैकी एकाची नोकरी त्या बाजूला असली तर पणजीच घ्या, भाडं जास्त गेलं तरी जाण्यायेण्याचा वेळ वाचतोय. थोडं स्वस्तात हवं असेल तर नदीपलीकडं बेतीला बघा, फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही, आणि रोज सकाळी नदी ओलांडून कामाला जायचं हे मला तरी फार आवडतंय.

आता वास्को. इथं घर घेताना जागा नीट निवडा, कारण कोळशाच्या धुळीची तक्रार खरी आहे, मुरगाव बंदराच्या जवळचे भाग, म्हणजे बायणा, खारीवाडा, सडा, तिथं बाल्कनीत पांढरे कपडे वाळत घालायची सोय नाही. मी चिखली म्हणेन. बंदरापासून लांब, सरकारी कॉटेज हॉस्पिटल तिथंच, विमानतळ शेजारी (आवाज येतोय, पण सवय होते) आणि बोगमाळोचा किनारा स्कूटरवर जवळच. गावातला बाजार हा रोज राहणाऱ्यांचा बाजार आहे, शिपयार्डात, बंदरावर, रेल्वेत काम करणारे लोक, त्यामुळे खानावळी, टेलर, मोबाईलवाले सगळं खिशाला परवडणारं, आणि कन्नड बोलणारे इतके की आपल्याला परकं वाटतच नाही. श्रावणात दामोदर सप्ताह असतोय, चोवीस तास अखंड भजन आणि रस्ताभर जत्रेची दुकानं, त्या दिवसांत वास्को बघा म्हणजे गजबज कशाला म्हणतात ते कळेल. नोकरीचं म्हणाल तर वेर्ण्याची इंडस्ट्रियल इस्टेट जवळ, तिथं औषध कंपन्या भरपूर. पणजी साधारण ३० किलोमीटर, आणि झुआरी नदीवरचा नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून ते अंतर डोक्याला ताप राहिलेलं नाही. सगळ्यात मोठं म्हणजे गोवा एक्सप्रेस वास्कोतूनच सुटते, दुपारी बसलं की रात्रीच्या जेवणाला बेळगाव. पावसात रेल्वेच्या घाटात दरड आली तर गाड्या अडकतात, आणि चोर्ला घाटातल्या रस्त्याचाही पावसात भरवसा नाही, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये घरी यायचे बेत थोडे सैल ठेवा.

खर्चाचं एक सांगतो. गोव्यात भाजी मोठ्या प्रमाणात आपल्याच बेळगावची जाते, आणि हॉर्टिकल्चर कॉर्पोरेशनच्या गाड्यांवर ती सबसिडीत मिळते, तेव्हा घराजवळ असा गाडा आहे का हे फ्लॅट बघतानाच बघून घ्या. मासळी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत महाग होते, ते तिन्ही गावांत सारखंच.

कारवार भाड्यानं तिन्हीत स्वस्त पडतंय आणि समुद्र अगदी गावाला लागून. टागोर बीचवर संध्याकाळी अख्खं गाव उतरतंय, बाजार तिथून चालत, राहायला कोडीबाग शांत आणि छान. राज्य तेच, कर्नाटक, असल्यामुळे बेळगावच्या केए-२२ नंबरची गाडी तशीच चालते, रेशन कार्ड, आधारची कामं सोपी, आणि जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या राज्यात सरकारी साध्या बसचा प्रवास फुकट, म्हणजे माहेरी यायला तिला तिकीटच नाही. पण नोकऱ्या कमी, नौदलाचा तळ, कैगाचं अणुवीज केंद्र, सरकारी कचेऱ्या, हॉस्पिटल, यापलीकडं खाजगीत फारसं नाही, आणि रात्री गाव लवकर शांत होतंय. रेल्वे स्टेशनही शिरवाडला, गावाबाहेर. दोघंही घरून काम करणारे असाल नाहीतर कर्नाटक सरकारच्या नोकरीत असाल तर मात्र मी कारवारच सांगेन, डोळे झाकून.

मडगावबद्दल विचारतात म्हणून, शहर म्हणून उत्तम, फातोर्ड्यात राहायला मजा आहे, पण समुद्र ६ किलोमीटरवर कोलव्याला, मग वास्को काय वाईट?

गोव्यात गेलात तर दोन कामं पहिल्याच महिन्यात उरका. घरमालकाकडून पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म भरून घ्या, आणि गाडी वर्षाच्या वर तिथं ठेवायची असेल तर बेळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) काढून ठेवा, नाहीतर तिथला रोड टॅक्स आणि नवा नंबर यात नंतर फार धावपळ होते. आणि घर ठरवायच्या आधी एकदा भर पावसात जाऊन या, बेळगावची हवा अंगात मुरलेल्या माणसाला तिथली ओल सोसत नाही, कपाटाच्या मागची भिंत हात लावून बघा, बुरशी असेल तर भाडं कितीही कमी सांगू देत, ते घर सोडून द्या.