पिल्लाचा डोळा रुमालाने पुसत उभा राहणाऱ्या माणसाकडून बीगल घेऊ नका

आकडा आधी सांगते. ७५,८३० रुपये. त्यातले ४०,३०० पिल्लू विकणाऱ्या माणसाने आणि त्याच्या ‘डॉक्टर’ने नेले. बाकीचे त्यांनी करून ठेवलेलं निस्तरताना गेले आणि अजून जातायत. कुत्र्यावर एवढा खर्च कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढे वाचू नये. खारी ही आमची बीगल कुत्री; तिचा उजवा डोळा जन्मभर औषधावर राहणार आहे आणि ते टाळता आलं असतं.

पद्धत तुम्हाला माहीतच असेल. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ, ‘ताई, दोनच उरलीत’, मग आगाऊ रक्कम. आणि घरी बोलावत नाहीत, कारण ‘बाहेरच्या चपलांवरून पार्व्हो येतो’, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा विषाणू. मलाही हे माहीत होतं. तरी मी यूपीआयने ७,००० पाठवले. त्या ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या होत्या. मुलगी लहानपणापासून त्यांच्याच खोलीत झोपायची. त्या गेल्यापासून ती धड जेवत नव्हती, शाळेतून आली की त्यांच्या पलंगावर पडून राहायची. माझ्या मावसदिरांनी याच माणसाकडून लॅब्रेडॉर घेतला होता आणि तो ठणठणीत होता. तेव्हा काही चौकशी न करता गेले, असं मला कुणी म्हणू नये.

१८ डिसेंबर २०२२, रविवार. संध्याकाळचे साडेसहा. नाशिक-पुणे रस्त्यावर एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये त्याने बोलावलं होतं. फळांच्या खोक्यातून त्याने पिल्लू काढलं. पांढऱ्यावर बिस्किटी डाग, लोंबते कान, पोट गरम. मुलीने हात पुढे केले, पण त्याने लगेच दिलं नाही. स्वतःच्या छातीशी धरलं आणि निळ्या चौकड्यांच्या रुमालाने पिल्लाचा उजवा डोळा पुसला. बोलता बोलता पुन्हा पुसला. मी लसीचं कार्ड वाचत होते तेव्हा तिसऱ्यांदा. आणि पुसून झाल्यावरही अंगठा तिथेच, नाकाकडच्या कोपऱ्यावर दाबलेला.

मी विचारलं, “डोळ्याला काय झालंय?”

“धूळ हो ताई, रस्त्याची. तुमच्याकडे जातंय म्हणून समाधान आहे बघा मला.”

मी २२ वर्षं सहकारी बँकेत कॅशियर आहे. काउंटरपलीकडून नोटा देणाऱ्याची बोटं बघून मला संशय येतो. बंडलातली मधली नोट कुणी दुमडून ठेवली असेल तर हाताला कळते. त्या संध्याकाळी तोच अंगठा माझ्यासमोर पाच मिनिटं एका जागी दाबलेला होता. मी तो पाहिला, मनात नोंदवलाही, आणि पर्समधून २५,००० रोख काढून त्याच्या हातात ठेवले. मोबाईलचा टॉर्च लावून डोळा बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. थंडी होती, मुलगी रडकुंडीला आली होती, हे गाडीत इंडिकेटर लावून बसले होते. ही सगळी कारणं खरी आहेत. पण तो अंगठा आठवला की अजून झोप उडते.

पावती मागितली तर ‘केसीआयच्या कागदांबरोबर पाठवतो’ म्हणाला. केसीआय म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था. त्या कागदांचे वेगळे ४,५०० त्याने पुढच्या आठवड्यात घेतले. कागद आजतागायत आले नाहीत. केनेल क्लबच्या नोंदणीला कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची मायक्रोचिप लागते. आमच्या खारीच्या अंगात चिपच नाही. पैसे देण्याआधी चिप स्कॅन करून दाखवा म्हणायचं. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून उठून यायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीने हाक मारली. उजव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल, ओला गोळा वर आला होता. याला चेरी आय म्हणतात. कुत्र्याला आपल्यासारख्या दोन पापण्यांशिवाय आत तिसरी पापणी असते, तिच्या बुडाशी अश्रू तयार करणारी एक ग्रंथी असते. बीगलसारख्या काही जातींमध्ये ती जागेवर धरून ठेवणारा भाग कमजोर असतो, त्यामुळे ती बाहेर सरकते. सुरुवातीला बोटाने दाबली तर आत जाते, काही वेळ राहते, पुन्हा येते. अंगठा कशासाठी होता ते मला त्या सकाळी कळलं.

फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला, अजिबात न घाबरता. “ताई, बीगलला होतंच ते. आमचे डॉक्टर दहा मिनिटांत काढतात.” बीगलला होतं हे खरंच आहे. कान लोंबते असल्याने आत ओल राहून जंतुसंसर्ग होणं, वजन भराभर वाढणं, फिट येणं, थायरॉइड मंदावणं, हे सगळं या जातीत दिसतं. खऱ्या गोष्टीच्या आडून फसवतात म्हणून तर आपण फसतो. प्रामाणिक माणूस हेच विकण्याआधी सांगतो, आणि ज्या जोडीच्या पिल्लांत असले दोष निघतात ती जोडी पुन्हा लावत नाही.

७ जानेवारी २०२३ ला एका दुकानामागच्या खोलीत ‘ऑपरेशन’ झालं. मला आत येऊ दिलं नाही. भिंतीवर प्रमाणपत्र नाही, पावती नाही. ३,८०० रुपये रोख. वीस मिनिटांनी खारी बाहेर आली, गोळा गेला होता, डोळा छान दिसत होता. मी त्या माणसाचे आभार मानले. आभार मानले मी त्याचे.

पुढे वर्षभर तो डोळा मधूनमधून लाल व्हायचा. औषधाच्या दुकानातून ‘डोळे आलेत’ म्हणून थेंब आणायचे, दोन दिवस बरं वाटायचं. असले थेंब दुकानातून आणून घालू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते. पशुवैद्य आधी डोळ्यात हिरवा चमकणारा रंग घालून जखम आहे का ते बघतात, मगच औषध ठरवतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये डावा डोळाही तसाच वर आला. पुष्कळदा एकामागून एक दोन्ही येतात. या वेळी मी विचारत विचारत खऱ्या, नोंदणी असलेल्या शल्यचिकित्सक बाईंकडे गेले. त्यांनी आधी उजवा डोळा उघडला, तिसरी पापणी चिमट्याने हलकेच वर केली आणि मला विचारलं, “इथली ग्रंथी कुठे आहे?”

मी म्हटलं, “काढलीय ना.”

त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग एक कागदाची बारीक पट्टी घेतली, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा. पट्टीचं टोक खालच्या पापणीत अडकवून मिनिटभर ठेवायचं, अश्रू किती वर चढतात ते वाचायचं. १५ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक. खारीचा डावा १८, उजवा ६. डोळ्यातल्या अश्रूंचा मोठा वाटा ती ग्रंथी देते. ती कापली की पुढे कधीतरी डोळा कोरडा पडायची भीती असते, काही महिन्यांनी नाहीतर काही वर्षांनी. म्हणून आता ती कापत नाहीत. भूल देऊन आतल्या आवरणात लहानसा खिसा करतात, ग्रंथी त्यात परत बसवतात आणि विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवतात. कधी पुन्हा निसटते, मग पुन्हा बसवतात. डावा डोळा तसा केला, १४,५०० लागले, आज तो उत्तम आहे. उजव्याला बसवायला काही शिल्लकच नव्हतं.

आता सकाळी सात आणि रात्री नऊला सायक्लोस्पोरिन हे अश्रू वाढवणारं औषध, मधे चार वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब. महिन्याला १,८३० रुपये. सकाळी डोळ्याच्या कडेला पिवळट चिकट दोरा धरलेला असतो, तो कोमट पाण्याच्या कापसाने काढेपर्यंत ती मान ताठ करून बसते. पळत नाही.

मग तक्रारी. पहिल्या पोलिस ठाण्यात अर्धा तास बसवून सांगितलं, हद्द आमची नाही. दुसऱ्या ठाण्यात हद्द होती, पण ‘व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, हे दिवाणी आहे’. सायबर तक्रारीच्या ठिकाणी म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला का? मी म्हटलं, माणूस डॉक्टर नसताना जनावराला कापतोय, त्याचं काय? १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी नसताना पशुवैद्यकी करता येत नाही. तर म्हणे त्याचा नोंदणी क्रमांक आणा. ज्याची नोंदणीच नाही त्याचा क्रमांक मी कुठून आणू? तीन रजा घालवल्या. दुकानामागच्या त्या खोलीचा पत्ता, फोटो, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळं फाईलला लावून नेलं. ज्या कार्यालयाने अशा पैदास करणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं, तिथे दोन पत्रं रजिस्टर एडीने पाठवली. पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर नाही. एका टेबलावरच्या माणसाने फाईल न उघडताच विचारलं, “बाई, पिल्लू जिवंत आहे ना?”

२०१७ चे नियम आहेत. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादीला वर्षात एकाहून जास्त वेळा पिल्लं होऊ द्यायची नाहीत. कागदावर सगळं आहे. मग रस्त्याकडेला खोक्यातून पिल्लं विकणाऱ्याला कुणी एकदा तरी विचारलंय का, तुझी नोंदणी दाखव? विचारणं ज्यांचं काम, ते मला विचारतात की तुम्ही पावती का घेतली नाही.

पावती घ्याच. नाही दिली तर पूर्ण रक्कम बँकेतून द्या, रोख देऊ नका; माझे २५,००० आणि ३,८०० रोख गेले आणि त्यांचा कागदोपत्री मागमूस नाही. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मी डिसेंबर २०२४ मध्ये मुदत संपायला थोडे दिवस असताना केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण त्याने दिलेला पत्ता खोटा निघाला आणि नोटीस परत आली. पैसे देण्याआधी आधार कार्डाचा फोटो मागा, नाही म्हणाला तर परत फिरा.

बागेत एक काका भेटतात, त्यांचा बीगलही त्याच माणसाकडचा. दीड वर्षाचा असताना त्याला पहिली फिट आली. आता फेनोबार्बिटलच्या गोळ्या चालू आहेत. त्या अचानक बंद केल्या तर फिट उलट जास्त येतात, हे त्यांना एका रविवारी गोळ्या संपल्या आणि औषधाचं दुकान बंद होतं तेव्हा कळलं. आईबाप दाखवा, असं त्यांनीही विचारलं नव्हतं. मी दोष देत नाही, मीही विचारलं नव्हतं. पण तुम्ही विचारा. आई समोर आणल्याशिवाय पिल्लाला हात लावू नका, आणि आईचे दोन्ही डोळे, कान, चाल नीट बघा.

आणि तुमच्या बीगलची चेरी आय कुणी ‘दहा मिनिटांत काढून’ दिली असेल, तर डोळा चांगला दिसतोय म्हणून थांबू नका. त्या कागदी पट्टीची चाचणी या आठवड्यात करून घ्या. दर सहा महिन्यांनी परत करा. माझ्याकडून तपासणी धरून ९०० रुपये घेतले, पाच मिनिटं लागली, खारी हललीसुद्धा नाही.