नऊ महिन्यांच्या वापरानंतर: एलईडी पट्ट्या, निऑन फ्लेक्स आणि फिलामेंट बल्ब

दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये सुटे दिवे ओळीने बसवलेली साधी एसएमडी पट्टी, पुस्तकांच्या कपाटात सलग उजळणारी सीओबी पट्टी, टीव्हीमागच्या भिंतीवर प्रत्येक दिव्याचा रंग स्वतंत्रपणे बदलता येणारी अ‍ॅड्रेसेबल पट्टी, बाल्कनीत निऑनच्या नळीसारखी दिसणारी लवचीक पट्टी, म्हणजे निऑन फ्लेक्स, आणि जेवणाच्या टेबलावर तीन फिलामेंट बल्ब, असा सगळा संसार मी नऊ महिन्यांपूर्वी थाटला. यांतला प्रत्येक दिवा रोज संध्याकाळी सुमारे पाच तास चालू असतो. या काळात ज्या तक्रारी उद्भवल्या त्यांतल्या बहुतेक दिव्यांच्या नव्हत्याच. दिव्याला वीज कशी पोहोचवली आणि तो कशावर बसवला, यात त्यांचे मूळ होते.

अ‍ॅड्रेसेबल पट्टीने हे पहिल्याच रात्री दाखवून दिले. पाच मीटरच्या पट्टीवर पांढरा रंग लावला, तेव्हा अडॅप्टरजवळचे दिवे शुभ्र, मधले पिवळसर आणि शेवटचे चक्क तांबूस दिसत होते. पट्टी सदोष आहे असे समजून मी ती परत करायला निघालो होतो. प्रत्यक्षात ही पट्टी ५ व्होल्टवर चालते आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशात तिचा एकेक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर वीज घेतो. मीटरला ६० दिवे धरले तर पाच मीटरला १८ अँपिअर होतात. एवढा प्रवाह तांब्याच्या पातळ पट्ट्यांतून जाताना वाटेतच व्होल्टेज घसरते. निळ्या आणि हिरव्या दिव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल दिव्याचे मात्र २ व्होल्टच्या आसपास भागते. त्यामुळे टोकाला आधी निळा-हिरवा मंदावतो आणि लाल तेवढा टिकून राहतो. अडॅप्टरपासून जाड तारा थेट मध्यावर आणि शेवटच्या टोकावर जोडल्या, प्रकाशाची कमाल मर्यादा निम्म्यावर आणली, आणि तक्रार संपली. इंद्रधनुष्यी नाच आम्ही आठवडाभर पाहिला. त्यानंतर ही पट्टी रोज एकाच मंद केशरी रंगात जळते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

सीओबी पट्टी २४ व्होल्टची घेतली. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टच्या निम्माच प्रवाह लागत असल्यामुळे लांब अंतरावरही प्रकाशात फरक पडत नाही. या पट्टीत मीटरला शेकडो बारीक चिप असतात आणि त्यांवर फॉस्फरचा, म्हणजे चिपचा निळा प्रकाश पांढरा करणाऱ्या द्रव्याचा, एकच सलग थर असतो, त्यामुळे काचेत किंवा चकचकीत लाकडात प्रतिबिंब पडले तरी ठिपक्यांची रांग न दिसता प्रकाशाची अखंड रेघ दिसते. छताच्या खाचेत, जिथे पट्टी डोळ्यांना दिसतच नाही, तिथे या गुणाचा काही उपयोग नाही. तिथे साधी एसएमडी पुरेशी आहे. फरक जाणवला तो रंगांत. प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक म्हणजे सीआरआय; तो सीओबीचा ९० आहे, एसएमडीचा ८०. कापडी बांधणीचे एकच गर्द लाल पुस्तक कपाटात लालच दिसते, पण छताच्या प्रकाशात ते विटकरी वाटते. सीआरआयची नेहमीची सरासरी आठ फिक्या रंगांवरून काढतात आणि गर्द लाल, म्हणजे आर९, तीत धरलेलाच नसतो. म्हणून खरेदीच्या वेळी आर९ वेगळा विचारावा.

हीच सीओबी पट्टी मी सुरुवातीला थेट लाकडावर चिकटवली होती. तिसऱ्या महिन्यात उष्णतेने गोंद सुटला आणि एके दिवशी ती कपाटातून लोंबकळताना सापडली. अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमध्ये बसवल्यापासून ती जागची हललेली नाही. एसएमडीच्या खोक्यावर ५०,००० तासांचे आयुष्य छापले आहे. रोजच्या पाच तासांच्या हिशेबाने ती २७ वर्षे होतात. छताच्या बंद पोकळीत कोंडलेला तिचा अडॅप्टर सहाव्या महिन्यातच गेला. शिवाय असे आकडे सहसा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात आणि ते दिव्यांना लागू होतात, अडॅप्टरला नव्हे.

फिलामेंट बल्ब दिसायला फार देखणे आहेत. आतली प्रत्येक काडी म्हणजे फॉस्फरने मढवलेल्या सूक्ष्म एलईडींची माळ असते आणि तिची उष्णता काचेपर्यंत पोहोचावी म्हणून आत सहसा हेलियमयुक्त वायू भरलेला असतो. माझी निराशा झाली ती डिमरवर. जुना तारेचा बल्ब मंद करताना लालसर होत जातो. हे बल्ब २७०० केल्विनच्या त्याच पिवळसर छटेवर राहून नुसते अंधुक होतात. जुन्या डिमरवर तर ते गुणगुणत आणि थरथरत होते. एलईडीसाठीचा ट्रेलिंग-एज डिमर बसवल्यावर दोन्ही थांबले.

निऑन फ्लेक्समध्ये निऑन नसतो. जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसमध्ये दाखवलेल्या दिव्यांत काचेच्या नळीतला वायू उच्च दाबाच्या विजेने उजळत असे. इथे दुधी सिलिकॉनच्या आत साधी एलईडी पट्टीच आहे. म्हणूनच ती एकाच दिशेला वाकते. बाल्कनीच्या कोपऱ्यावर मी ती आडवी पिळली आणि एकसरीत जोडलेले तीन दिवे एकदम विझले. तेवढा तुकडा कापून काढायचा तर दोन्ही टोकांना नव्याने डाग देऊन टोपणे सिलिकॉनने बंद करावी लागतील, नाहीतर पावसाचे पाणी आत शिरेल. तूर्त त्या काळ्या तुकड्यासमोर मी एक कुंडी ठेवली आहे.