पिपरी मेघेतली कॅनच्या पाण्याची घरपोच सर्व्हिस, माझ्याकडून साडेतीन स्टार

पहिलेच सांगते, रिव्ह्यू पाण्याच्या कॅनचा आहे पण त्यात अर्धी पिपरीच येणार, कारण आपली पिपरी कशी पसरली आहे अन् इथे राह्यते कोण हे माहीत नसलं तर ही सर्व्हिस चांगली काहून म्हणते ते कळणारच नाही. कॅनवाल्याचं नाव टाकत नाही. आर्वी रोडच्या बाजूला कोणत्याही किराणावाल्याला विचारा, निळे कॅन भरलेला छोटा हत्ती कोणाचा, ते सांगतीलच.

वर्ध्याबाहेरच्या लोकांसाठी थोडक्यात. वर्धा शहराला चिपकून चारी बाजूंनी गावं आहेत, पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी मेघे, नालवाडी. कागदावर सगळी गावंच, ग्रामपंचायतवाली. पण शहर कुठं संपलं अन् पिपरी कुठं लागली हे नवीन माणसाला दाखवून दाखवता येत नाही, एका दुकानाचा टॅक्स नगरपरिषदेत जातो अन् बाजूच्याचा ग्रामपंचायतीत, बस एवढाच फरक. जनगणनेवाले अशा गावांना सेन्सस टाऊन म्हणतात. लोकसंख्या निदान ५ हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी ७५ टक्के तरी शेतीबाहेरच्या कामात अन् एका चौरस किलोमीटरमध्ये निदान ४०० माणसं असली की झालं गाव टाऊन. म्हणजे गणतीत शहर अन् कारभारात गाव. ग्रामपंचायतीत मेंबर जास्तीत जास्त १७, साडेसात हजारांच्या वर गेलं की मग गाव कितीही फुगो, १७ ते १७च.

अन् फुगलं ना बाप्पा. एक आकडा मला लय नवलाचा वाटतो. वर्धा शहराची लोकसंख्या २००१ ला १ लाख ११ हजारांच्या वर होती, २०११ ला ती १,०६,४४४ निघाली, म्हणजे चक्क कमी झाली. जिल्हा मात्र १२,३६,७३६ वरून १३,००,७७४ वर गेला. मग शहरातले लोक गेले कुठं? सगळेच काही पुण्याला नाही गेले, अर्धे इकडंच आले असतील, प्लॉट घेऊन. ज्यांना शहरात जागा परवडली नाही ते, आर्वी-देवळीकडून पोरांच्या शिक्षणासाठी आलेले, रिटायर मास्तर, एसटीतले, बँकेतले, अन् सावंगीच्या दवाखान्यात नाहीतर सेवाग्रामला ड्युटी असणारे. आमच्या गल्लीत पाच घरं अन् पाच तालुके आहेत, खरं सांगते.

आता पाण्यावर येते. आपल्याकडं खाली सगळा काळा पत्थर आहे, बेसाल्ट. वर काळी माती, मग मुरूम, मग पत्थर. पाणी राह्यते ते पत्थराच्या भेगांमध्ये अन् वरच्या झिजलेल्या थरात, त्यामुळं बोअर म्हणजे नशिबाचा खेळ, एकाला दीडशे फुटाला लागते अन् कंपाऊंडच्या पलीकडं तीनशेला धूळ. अन् लागलं तरी जड. आमच्या बोअरचं पाणी कूलरमध्ये टाकलं की महिन्याभरात ताट्या पांढऱ्या फटक होतात, गिझरचा रॉड तर विचारूच नका. तुरीची डाळ शिजत नाही हो त्या पाण्यात, सोडा टाकावा लागते. शेजारच्या पोट्ट्यानं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात क्षार किती विरघळले ते दाखवणारं, आणून मोजलं तर ९०० च्या आसपास आलं. सरकारी मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत बरं म्हणतात, दुसरी सोयच नसली तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं काही विष नव्हे, पण चहा पिऊन पाहा, समजेल. नळ आहे, नाही असं नाही, पण आमचा लेआऊट पडला पार टोकाला अन् जरा उंचावर, तिथं पोचेपर्यंत नळाची धार करंगळीएवढी होते, ते पाणी भांड्याकुंड्यांना पुरते.

म्हणून कॅन.

सर्व्हिस अशी की वीस लिटरचा कॅन, घरपोच ३० रुपये, थंड पाह्यजे तर ४०. डिपॉझिट कॅनमागं दीडशे. सकाळी सातच्या आत फोन केला तर दहापर्यंत येते, नंतर केला तर संध्याकाळी. येणारा पोट्टा वयानं लहान आहे पण डोकं लय तेज, कोणत्या घरी किती माणसं हे त्याला पाठ. दिवाळीत माझी नणंद अन् तिची पोरं आली होती, त्यानं दारातल्या चपला पाह्यल्या अन् म्हणाला, "काकू, आज दोन ठेवतो, एकानं नाही भागणार तुमचं." मी सांगितलंही नव्हतं. वर आणून माठावर ओतून देते, जिन्याचे पैसे वेगळे मागत नाही, शहरातला जुना कॅनवाला पहिल्या माळ्याचे पाच रुपये जास्त घ्यायचा.

अन् मुख्य म्हणजे त्याला पत्ता सांगावा लागत नाही. पिपरीत राह्यलेला माणूस समजेल मी काय म्हणते ते. इथं लेआऊटची नावं एकासारखी एक, साईनगर किती अन् गजानननगर किती, प्लॉट नंबर ज्यानं जसे पाडले तसे, सात नंबरच्या बाजूला बेचाळीस. ऑनलाईनवाले फोन करून करून थकतात अन् पार्सल चौकातल्या पानठेल्यावर ठेवून जातात. हा मात्र "विहिरीवाल्या लेआऊटमधलं हिरवं गेट" एवढ्यावर बरोबर येते. त्याच्या मालकाची वही पाह्यली मी एकदा पैसे द्यायला गेली तेव्हा. लेआऊटवार पानं, प्रत्येक घरापुढं रोजचे कॅन, भाडेकरू असला तर बारीक गोल. २०११ नंतर देशात जनगणना झालीच नाही, २०२१ ची कोरोनात राह्यली, आता २०२७ ला १ मार्चची तारीख धरून आहे. तोवर पिपरीत खरंच किती लोक राह्यतात हे कोणाला विचारायचं असेल तर त्या वहीवाल्याला विचारा, मी मजाक नाही करत. कोणता लेआऊट भरला, कुठं नुसतेच रिकामे प्लॉट अन् बाभळी आहेत, कुठं पोट्ट्यांच्या रूम वाढल्या, सगळं त्यात.

तोच मालक सांगत होता की मे महिन्यात त्याचा हिशोब उलटासुलटा होते. पारा ४५ च्या वर, म्हणजे कॅन जास्त खपायला पाह्यजे, अन् घरांमध्ये खपतातही, पण त्याच वेळी कॉलेजचे पोट्टे-पोट्टी गावी जातात अन् रूमच्या रूम रिकाम्या. त्याची भरपाई लग्नाच्या ऑर्डरीतून. आपला जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा, तेव्हा मांडवात निदान पाण्याचा तरी थाट. जूनमध्ये नवीन भाडेकरू येतात, तेव्हा त्याचं नवीन पान.

आता दीड स्टार काहून कापले ते.

एक, सील नाही. कॅनच्या तोंडावर नुसतं झाकण, कंपनीच्या बाटलीसारखी पट्टी-बिट्टी काही नाही, लायसन नंबर कॅनवर कुठं दिसला नाही. विचारलं तर म्हणते काकू रोज धुतो. धूत असेल, पण मी पाह्यलं नाही, अन् एकदोनदा कॅनच्या तळाशी हिरवट दिसलं ते परत पाठवलं, तर चूपचाप बदलून दिला, तो भाग चांगला. लहान लेकरू घरी असलं तर उकळूनच द्या.

दोन, पाणी जरा जास्तच बेचव. त्याच मीटरनं मोजलं तर ४० आलं. आरओनं सगळंच काढून टाकलं त्यातलं, चवच नाही राह्यली, आमचे सासरे तर म्हणतात हे पाणी पिलं तरी तहान जात नाही. माठात ठेवलं की थोडं बरं लागते.

तीन, पावसाळा. हे अर्धं त्याच्या हातात नाही. आमच्याकडचे लेआऊट कालपरवापर्यंत पऱ्हाटीचे वावर होते, रस्त्यावर मुरूम टाकला तो पहिल्याच पावसात काळ्या मातीनं गिळला. ही माती पावसात फुगते अन् उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर छोटा हत्ती घातला की चाकं तिथंच फिरतात. मग तो मेन रोडला उभा राह्यते अन् आपण जाऊन आणायचं. वीस लिटर म्हणजे वीस किलो, चिखलातून. पण तेव्हाही ३०च रुपये घेते, घरपोच नसताना, हे मला पटत नाही. निदान पाच रुपये कमी करायला पाह्यजे, सांगून झालं, हसते नुसता.

चौथं काही त्याच्याबद्दल नाही, पण बोलल्याशिवाय राह्यवत नाही. आरओ प्लांट जेवढं गोड पाणी देते तेवढं, कधी त्याहून जास्त खारं पाणी फेकते. प्लांटच्या मागची नाली बाराही महिने वाहते अन् त्याच गल्लीतल्या दोन विहिरी एप्रिलमध्ये तळ दाखवतात. धाम नदी पवनारला दिसते तेव्हा एवढी छान दिसते, धरण तिकडं महाकाळीला, अन् आम्ही इथं जमिनीतलं उपसून अर्धं नालीत. मालकाला म्हटलं ते पाणी गाड्या धुवायच्या सेंटरला तरी द्या, तर म्हणे बोलणं सुरू आहे. सुरू असू दे.

घ्यायची असली सर्व्हिस तर दोन गोष्टी. डिपॉझिटची पावती मागा, तो स्वतःहून देत नाही पण मागितली की देते, रूम सोडताना कामी येईल. अन् हिशोब कॅलेंडरवर त्याच्यासमोर लिहा, महिन्याच्या शेवटी दोनचार कॅन इकडंतिकडं होतातच. कारला चौकाच्या पलीकडच्यांनी आधी विचारून घ्या, तिकडं त्याची गाडी एकाच वेळी जाते, संध्याकाळी.