माळावरचा वटवट्या की झाडावरचा?

वटवट्या या चिमुकल्या पक्ष्यांचे फोटो काढायला पुण्याच्या आसपास कुठे जाऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: कधी जाणार? ऋतू ठरला की जागा ठरलीच.

जून ते सप्टेंबर असेल तर सासवडकडचं माळरान. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या इथलेच रहिवासी. पावसाळ्यात त्यांची वीण, त्यामुळे एरवी झुडपात दडणारा नर बोरीच्या उघड्या शेंड्यावर बसून नावाला जागतो. राखी वटवट्या उडतानाही चटचट आवाज करतो, म्हणजे कॅमेरा उचलायची सूचना तोच देतो. त्याच दोन-तीन शेंड्यांवर तो परत परत येतो. तिथे गुपचूप बसून राहा. ४०० मिमीची लेन्स पुरते. अडचण प्रकाशाची: ढगाळ हवेत १/१००० सेकंदाचं शटर ठेवायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावाच लागतो, फोटोत थोडे दाणे येतात. येऊ देत. मात्र चोचीत अळी घेऊन तो त्याच झुडपाभोवती घुटमळायला लागला, की घरटं जवळ आहे असं समजून मागे सरा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणं तर नकोच.

हिवाळ्यात सिंहगडाच्या पायथ्याची झाडी. इथे हिमालय, सायबेरियाकडून आलेले पर्ण वटवटे, म्हणजे उंच झाडांच्या पानांत फिरणारे. सगळेच हिरवट, सगळ्यांना फिकट भुवई, वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. हिरवट पर्ण वटवट्याच्या पंखावर बारीक फिकट पट्टी असते, पण पीस झिजलं की तीही जाते. म्हणून ओळख कानांनी करायची, फोटो नंतर. ऑटोफोकस पानं पकडतो, पक्षी पुढच्या फांदीवर. घरी येऊन बघावं तर वीसेक फोटोंत पोटच पोट. अपवाद गंधकी पिवळ्या पोटाचा एक पर्ण वटवट्या. तो खडकाळ उतारांवर, दगडांवर उड्या मारत किडे टिपतो, तेव्हा नजरेच्या पातळीवर मिळतो.

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणच्या पाणकणसातले बोरू वटवटे? ऐकायला जा. हलत्या होडीतून फोटो मिळालाच तर नशीब. गंमत म्हणजे ब्लिथचा बोरू वटवट्या हिवाळाभर कुंपणाच्या घाणेरीत ‘चक्, चक्’ करत असतो, त्यासाठी भिगवण कशाला.

नव्या माणसाला मी माळच सांगेन. पर्ण वटवट्यांसाठी पहिला हिवाळा फक्त दुर्बीण घेऊन जा, मान दुखेलच.