एकट्या राहणाऱ्या आईबाबांसाठी आधी काय? पडल्यावर कळवणारं घड्याळ की व्यायामाचा ग्रुप?

आई किंवा बाबा एकटे राहतात, आपण लांब, आणि डोक्यात सतत एकच, पडले तर कळणार कोणाला? मग आपण रात्री बसून स्मार्टवॉच शोधतो. मीपण तेच केलं.

घड्याळ वाईट नाहीये. ॲपल वॉचमध्ये तर 2018 पासून ही सोय आहे, माणूस जोरात पडला आणि मिनिटभर हललाच नाही तर ते आपणहून इमर्जन्सी नंबरला फोन लावतं. याचं मोल मोठं आहे कारण तासन्‌तास जमिनीवर पडून राहिलं की अंगातलं पाणी कमी होतं, दाबाने जखमा होतात, स्नायूंना इजा होऊन किडनीलासुद्धा त्रास होऊ शकतो. पण भिंत धरून हळूच घसरत खाली बसलं तर घड्याळाला कळेलच असं नाही, शिवाय चार्जिंगची कटकट, आणि बाथरूमला जाताना काढून ठेवतात, जिथे पाय घसरायची भीती जास्त! मदतीसाठी दाबायचं जे बटण गळ्यात घालतात त्याचं तर विचारूच नका, ते खुंटीला, आणि गळ्यात असलं तरी "कशाला कोणाला त्रास" म्हणून दाबत नाहीत.

आता ग्रुप. "रोज चालते की मी" हे उत्तर येणारच, पण नुसत्या चालण्याने तोल फारसा सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान 3 दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते, म्हणजे हात न टेकता खुर्चीतून उठबस, टेबल धरून एका पायावर उभं राहणं, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), असलं. हेच व्हिडिओ बघून घरी होतं, पण ग्रुपमध्ये न आलेल्या माणसाची चौकशी होते, ती कुठलं ॲप करणार? तोटा एवढाच की फरक दिसायला काही महिने जातात.

म्हणून माझं मत, ठणठणीत असतील तर आधी ग्रुप. आधीच एकदा पडलेत, चक्कर येते, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे किंवा खाली बसल्यावर आपलं आपण उठता येत नाही, तर घड्याळ आधी, आणि व्यायाम डॉक्टरांना विचारून. तेव्हाच झोपेच्या गोळ्यांचंही विचारा, त्यानेही तोल जातो.

रोजचा फोन दोन्हीत हवाच, फक्त त्यावर विसंबू नका, फोन ठेवल्या ठेवल्या पडले तर दुसऱ्या दिवशीच कळणार.

आणि घड्याळ घेतलंच तर चार्जिंगला अंघोळीच्या वेळी लावायचं नाही, टीव्हीसमोर निवांत बसलेले असतात तेव्हा लावायचं.