सेकंडहँड मॅकबुक एअर: इंटेल घ्यावा की एम१?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत सेकंडहँड मॅकबुक एअर बघायला गेलात तर एक घोळ हमखास होतो. २०२० साली एअर दोनदा आला: आधी इंटेलचा प्रोसेसर घेऊन, मग नोव्हेंबरात अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपवर. बाहेरून दोन्ही जवळपास सारखेच.

फरक कळतो तो कामाला जुंपल्यावर. इंटेलवाल्यात पंखा आहे, आणि लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की तो घरघरायला लागतो. कीबोर्डच्या वरची पट्टी चांगलीच तापते. एम१ एअरमध्ये पंखाच नाही. कमी विजेत जास्त काम करत असल्यामुळे बॅटरीही बरीच जास्त टिकते. इंटेलसाठी लिहिलेली बरीचशी सॉफ्टवेअर रोझेटा २ या अ‍ॅपलच्या भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे एम१वर चालतात. रॅम मात्र दोन्हीतही नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे जमल्यास १६ जीबीवालाच बघा.

इंटेलची एकच जमेची बाजू: अ‍ॅपलचं बूट कॅम्प हे साधन वापरून त्यावर थेट विंडोज टाकता येतं. उद्यमनगरातल्या कारखान्यात डिझाइनसाठी सॉलिडवर्क्स किंवा हिशेबासाठी टॅली अशी विंडोजवरची सॉफ्टवेअर लागतातच, तिथे हा मुद्दा बिनतोड वाटेल. पण त्यासाठी मॅक कशाला? सरळ विंडोजचा लॅपटॉप घ्या की! शिवाय २०२५ची मॅकओएस टाहो ही मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम या इंटेल एअरवर चढतच नाही.

माझं मत एम१लाच. पैसे मोजण्याआधी ‘अबाउट धिस मॅक’ उघडा: ‘चिप’पुढे एम१ दिसलं तर ठीक, ‘प्रोसेसर’पुढे इंटेल दिसलं तर भाव पाडून मागा.