अनंताचं रोप: वासाला पैकीच्या पैकी, माती नापास

नाक्यावरच्या नर्सरीतून डबल, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचा, अनंत आणला. नर्सरीवाले काका म्हणाले, "ताई, बारा महिने फुलेल." काहीतरीच! याचा खरा बहर उन्हाळा-पावसाळ्यातला. रोप मात्र सशक्त: पानं गर्द, तुकतुकीत, टोकाला पीळदार कळ्या. तक्रार मातीची. नुसता चिकट लाल गोळा, पाणी निथळेचना, निम्म्या कळ्या गळाल्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत घालून कुंडी बदलली तेव्हा कुठे सावरलं. मूळचं चीन-जपानकडचं झाड, त्याला आम्लधर्मी माती लागते; आमच्या बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने पानं लगेच पिवळी पडतात. फूल उमलताना पांढरंशुभ्र, मग पिवळट होत जातं. पण वास! एका फुलाने गॅलरीपासून हॉलपर्यंत घमघमाट. घासाघीस करून जरूर घ्या, माती मात्र घरी आल्यावर बदलाच.